कुत्र्याने शेजारची मांजर मारली तर?



रविवारच्या पत्रकात कुत्र्या-मांजराचा विषय पाहून कुणाला हसू येईल. पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला अबोला बहुधा अशाच लहान गोष्टींतून सुरू होतो. कुंपणावरून आलेली फांदी, कोंबड्यांनी उकरलेला भाजीचा वाफा, विहिरीवरचा नंबर, किंवा एखाद्या सकाळी पडवीमागे मरून पडलेली मांजर. कुत्रा कुणाचा हे सगळ्या पाड्याला ठाऊक असते. मांजर कुणाकडे दूध प्यायची हेही ठाऊक असते. मग पुढे काय करायचे?

अशा वेळी साधारणपणे तीन गोष्टी घडतात. कुणी रागाच्या भरात काठी घेऊन कुत्र्याला अर्धमेला करतो, नाहीतर भाकरीतून विष घालण्याची भाषा करतो. कुणी ‘जनावरच ते, त्याला काय कळतंय’ म्हणून हात झटकतो. आणि कुणी गुपचूप मेलेली मांजर उचलून ओढ्यात टाकतो; शेजारणीने विचारले तर ‘आम्ही नाही पाहिली’ म्हणतो. तिन्ही मार्ग सोपे आहेत. तिन्हींत काहीतरी चुकते आहे हेही आपल्याला आतून जाणवते. नेमके काय चुकते, ते आज शांतपणे पाहू या.

कुत्रा दोषी आहे का?

पाप घडायला जाणीव लागते आणि मनाची संमती लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. कुत्र्यापाशी या दोन्ही गोष्टी नाहीत. समोरून काही लहानसे पळाले की त्याच्यामागे धावणे हे त्याच्या रक्तात आहे. दोन-तीन कुत्री एकत्र आली की त्यांना अधिकच चेव येतो. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मांजराच्या सहवासात वाढलेले पिल्लू बहुधा तिला घरचीच समजते. तसे न वाढलेल्या कुत्र्याला तीच मांजर शिकार वाटते. यात दुष्टपणा नाही. मांजर तरी उंदीर, खार, चिमणी आणि कधी शेजारचे कोंबडीचे पिल्लू सोडते का? तिला आपण पापी म्हणत नाही.

माणसाला हे पटायला वेळ लागला. फ्रान्समधील फालेझ गावी १३८६ साली एका मुलाचा जीव घेतला म्हणून एका डुकरिणीवर रीतसर खटला चालला आणि तिला फाशी देण्यात आली. त्याच्या शंभर वर्षे आधी संत थॉमस अक्विनास यांनी लिहून ठेवले होते की, बुद्धी नसलेल्या प्राण्याला शाप देणे व्यर्थ आहे, आणि देवाची निर्मिती म्हणून त्याला शाप देणे ही तर देवनिंदा होय. पंडितांना जे कळले होते ते गावच्या चावडीपर्यंत पोहोचले नव्हते.

आपणही त्या लोकांहून फार पुढे आलो आहोत असे नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ गावाची बातमी देशोदेशी गाजली. तिथे वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि छपरांवर नेत होती, आणि ती पिल्ले मरत होती. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले म्हणून वानरे सूड घेत आहेत, अशी कथा पसरली. अडीचशे पिल्ले मारल्याचा आकडाही तोंडोतोंडी फिरला. अखेर वनविभागाने दोन वानरे पकडून नेली. प्राण्यांच्या अभ्यासकांना सूडाचा हा अर्थ पटला नाही. पण लोकांना तो चटकन पटला, कारण सूड म्हणजे काय हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. आपल्या मनात जे असते तेच आपण प्राण्याच्या डोळ्यांत पाहतो.

म्हणून मांजर मेल्यावर तासाभराने कुत्र्याला बांधून झोडपण्यात न्याय नाही. आधी घडलेली गोष्ट आणि आता बसणारी काठी यांचा संबंध त्याला लागत नाही. आपला धनी अचानक मारू लागला, एवढेच त्याला कळते. त्या मारामुळे मांजर परत येत नाही, शेजारणीचे दुःख कमी होत नाही आणि कुत्राही काही शिकत नाही. फक्त आपला राग निवतो.

मग जबाबदार कोण?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भागातला गुरे राखणारा लहान मुलगाही देईल. गाय दुसऱ्याच्या भातात शिरली तर जाब गाईला विचारत नाहीत, गुराख्याला विचारतात. कोंडवाड्याची रीत हीच आहे. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यानुसार शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाते आणि दंड भरून ते सोडवायचे ते मालकाने. जनावर आपले, तर त्याने केलेली नासाडीही आपली, हे आपल्या खेड्यांनी केव्हाच मान्य केले आहे.

पवित्र शास्त्रही हेच सांगते, आणि अतिशय बारकाईने सांगते. निर्गमच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाविषयीचे नियम आहेत. बैलाने माणसाचा जीव घेतला तर त्या बैलाला दगडमार करावा, असे तिथे म्हटले आहे. पण एका माणसाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर काय? तिथे बैलाला मारायला सांगितलेले नाही. जिवंत बैल विकावा, आलेले पैसे दोघांनी वाटून घ्यावेत आणि मेलेला बैलही वाटून घ्यावा, असा नियम आहे (निर्गम २१:३५). नुकसान कुणा एकाच्या डोक्यावर न टाकता दोघांनी मिळून सोसायचे.

त्यापुढचे वचन आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. तो बैल मारका आहे हे आधीपासून माहीत असूनही मालकाने त्याला आवरले नसेल, तर मालकाने बैलाच्या बदली बैल द्यावा (२१:३६). म्हणजे पहिली वेळ आणि दुसरी वेळ यांत शास्त्र फरक करते. बैल दोन्ही वेळा तोच, त्याची शिंगेही तीच. मालकाला आता माहीत झाले आहे, एवढाच काय तो बदल. आणि माहीत झाल्याबरोबर त्याची जबाबदारी वाढते.

या लेखात सांगायचे आहे ते मुख्यतः इतकेच. कुत्र्याने पहिल्यांदा मांजर मारली तो अपघात असू शकतो. त्या सकाळपासून मात्र आपण ‘मला काय ठाऊक’ असे म्हणू शकत नाही. आता रात्री त्याला मोकळे सोडायचे की नाही, कुंपणाचे भगदाड बुजवायचे की नाही, शेजारच्या अंगणातून जाताना त्याच्या गळ्यात दोरी असावी की नसावी, हे सारे आपण ठरवणार आहोत. दुसरी मांजर मेली, तर ती कुत्र्याच्या दातांनी मेली असली तरी आपल्या आळसाने मेली असे म्हणावे लागेल. आपल्या पापांगीकाराच्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृतीबरोबर कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही कबुली असते, ती अशाच गोष्टींसाठी.

‘एक मांजर तर होती’

यावर कुणी म्हणेल, ‘अहो, एक मांजर तर होती. बाजारात तिला कोण विचारतो?’ खरे आहे, तिला भाव नाही. पण भाताची कणगी ज्यांच्या घरात आहे त्यांना विचारा. पावसाळ्यात उंदरांनी कणगी पोखरली तर वर्षाच्या पोटाला चिमटा बसतो. मुले मुंबईला किंवा वापीला कामाला गेली आणि घरात म्हातारी एकटी राहिली, तर संध्याकाळी तिच्याशी बोलायला कोण असते? पायाशी येऊन बसणारी ती मांजरच. तिची किंमत आपल्या हिशेबाने लावता येणार नाही.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट आठवा (२ शमुवेल १२). श्रीमंताकडे कळप होते, गरिबाकडे एकच लहान मेंढी होती. ती त्याच्या ताटातले खायची आणि त्याच्या कुशीत झोपायची. श्रीमंताने पाहुण्यासाठी नेमकी तीच कापली. दावीद संतापला. मग नाथानाने त्याच्याकडेच बोट दाखवले. मेंढीचा बाजारभाव या गोष्टीत कुठेच येत नाही. ती त्या माणसाची कोण होती, हेच येते. आणि दुसऱ्याच्या दोषावर भडकणाऱ्याला स्वतःचा दोष किती उशिरा दिसतो, तेही येते. कुत्र्यावर काठी उगारणाऱ्या मालकाने ही गोष्ट एकदा वाचावी. प्रभू येशूनेही दोन दमड्यांना विकल्या जाणाऱ्या चिमण्यांविषयी सांगितले की देवाला त्यांतल्या एकीचाही विसर पडत नाही (लूक १२:६).

देशाचा कायदाही हळूहळू त्याच दिशेने आला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावर मारण्याच्या गुन्ह्याला दहा रुपये, पन्नास रुपये अशी किमतीची पट्टी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ती पट्टी राहिली नाही. कोणतेही जनावर जाणूनबुजून मारणे, त्याला विष घालणे किंवा लुळे करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रागाच्या भरात विषाची पुडी शोधणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या डहाणू-तलासरी भागात अजून अशी घरे आहेत की जिथे मुलांना पुरेसे पोषण मिळत नाही आणि दिवाळीनंतर माणसे कामासाठी गाव सोडतात. अशा ठिकाणी प्राण्यांचे फाजील लाड शोभत नाहीत. कॅथोलिक धर्मशिक्षेचा ग्रंथ (परिच्छेद २४१६ ते २४१८) दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवतो: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसाचे दुःख दूर करण्यासाठी वापरायचा पैसा प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ च्या अखेरीस असाच तोल राखला. दुचाकीखाली कुत्रा सापडून मेल्यामुळे एका तरुणावर, जणू माणूस जखमी झाला अशा कलमांखाली, गुन्हा नोंदवला गेला होता. पाळणारे कुत्र्याला लेकरासारखे मानत असले तरी तो माणूस नव्हे, असे सांगून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. तेव्हा मांजरीसाठी माणसावर सूड उगवू नये. पण माणूस मोठा आहे म्हणून मांजरीचे दुःख खोटे ठरत नाही. आणि मेलेल्या मांजरीच्या मागे एक जिवंत शेजारी उभा असतो, हे तर कधीच विसरू नये.

प्रत्यक्षात काय करावे?

सर्वप्रथम, मांजर अजून जिवंत असेल तर तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. उघड्या हातांनी धरू नये, जाड कापडात गुंडाळावे. वेदनेने ती चावते. कुत्रा किंवा मांजर चावली, ओरखडली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. हळद, चुना, मिरची लावून घरी बसू नये. शांत स्वभावाचा कुत्रा अचानक दिसेल त्यावर धावून जाऊ लागला, त्याची लाळ गळू लागली, तर त्याच्याजवळ न जाता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. हा प्रश्न मग मांजरीचा उरत नाही, पाड्यातल्या मुलांच्या जिवाचा होतो.

दुसरे, शेजाऱ्याला आपल्या तोंडून सांगावे. त्याला दुसऱ्याकडून कळण्याआधी जावे. ‘काकी, रात्री आमच्या कुत्र्याने तुमची मांजर मारली. आम्ही त्याला बांधायला हवे होते. आमचे चुकले.’ इतके पुरे. ‘पण तुमची मांजरच आमच्या अंगणात यायची’ हे वाक्य मनात आले तरी तिथेच गिळावे. मेलेली मांजर ओढ्यात न टाकता त्यांना विचारून खड्डा खणून पुरावी, आणि तो खड्डा कुत्र्याच्या मालकाने खणावा. औषधपाण्याचा खर्च झाला असेल तर तो द्यावा. पुढे त्यांना हवे असेल तर मांजराचे एखादे पिल्लू आणून द्यावे, पण लगेच दुसऱ्या दिवशी नव्हे. बदली वस्तू देऊन मोकळे होण्याची घाई दुःखी माणसाला टोचते. जक्कयाने नुकसान भरून देण्याचा शब्द दिला तो प्रभू घरी आल्यावर, मन पालटल्यावर (लूक १९:८). आधी मन, मग मोबदला.

आपले शेजारी बहुतेक वेळा आपल्या धर्माचे नसतात. वारली कुटुंब असेल, मांगेला असेल, वाडीचे इराणी किंवा पारशी मालक असतील. त्यांना जाऊन सांगायचे सत्य तेवढेच सत्य असते. चर्चला जाणारी माणसे कशी असतात, हे त्यांना अशाच एखाद्या सकाळी कळते.

तिसरे, मुलांना खरे सांगावे. ‘मनी पळून गेली’ असे खोटे सांगू नये. १९५७ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आपले बालशिक्षणाचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर घेऊन आल्या. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही, म्हणून शाळाच कुरणावर गेली. ज्या मुलांनी जनावर जन्मताना आणि मरताना पाहिलेले असते त्यांना मरण कळते. मोठ्यांची लपवाछपवी तेवढी कळत नाही. मनी स्वर्गात जाईल का, असे मुलाने विचारले तर? सारी सृष्टी मुक्तीची वाट पाहत कण्हत आहे, असे संत पौल लिहितो (रोमकरांस ८:१९-२२), आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शाश्वत जीवनात प्रत्येक प्राणिमात्राला त्याचे स्थान असेल अशी आशा व्यक्त केली आहे. ‘देवाने तिला केले, देव तिला विसरणार नाही’ असे उत्तर आपण निश्चिंतपणे देऊ शकतो.

कुत्रा कुणाचाच नसेल तर?

भटका कुत्रा असला की सगळेच मोकळे होतात. पण त्याला शिळे अन्न कोण टाकते? मटणाच्या दुकानामागे आणि लग्नाच्या मांडवामागे पडलेला कचरा कोणाचा? कुणाचाच नसलेला कुत्रा हा खरे म्हणजे सगळ्यांचा असतो, आणि त्याची जबाबदारीही सगळ्यांची.

सरसकट मारून टाकणे हा जुना उपाय आहे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्यासाठी बक्षीस लावले. बक्षिसाच्या लोभाने पाळलेल्या कुत्र्यांवरही हात पडू लागला, आणि कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाचा संताप होऊन ६ जूनला शहरात दंगल उसळली. आज त्या वाटेने जाण्याची कायद्यात परवानगी नाही. २००१ च्या आणि आता २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग आहे, आणि ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आहे. प्रश्न सोपा नाही. दिल्लीतील भटक्या कुत्र्यांविषयी ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाला अकरा दिवसांत बदलावा लागला. पण आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडणे आणि कचरा उघड्यावर न टाकणे, हे तर आपल्या हातात आहे.

संत फ्रान्सिस असिसीकर यांची गुब्बिओच्या लांडग्याची कथा आपण ऐकली आहे. लांडगा माणसे आणि जनावरे मारत होता. संताने त्याला मारले नाही आणि गावालाही तसेच सोडले नाही. लांडगा भुकेला आहे हे ओळखून त्यांनी दोघांत करार घडवला: गावाने त्याला खाऊ घालायचे, त्याने कुणाला इजा करायची नाही. आपल्या भागातले वारली बांधव वाघोबाला पुजतात आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. शेळी गेली तरी वाघाला पापी न म्हणता, त्याचा वावर ओळखून आपली हद्द सांभाळावी, असे शहाणपण त्यांच्या जगण्यात आहे. दोन्हीकडे शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे. प्राण्याचा स्वभाव ओळखायचा आणि आपला वाटा आपण उचलायचा.

ज्यांची मांजर गेली त्यांच्यासाठी

शेवटी दोन शब्द दुसऱ्या बाजूला. तुमचे दुःख खरे आहे. ‘एवढ्यासाठी काय रडता’ म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. कुत्र्याला बांधा, असे ठामपणे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण मालक दारात येऊन ‘चुकले’ म्हणाला, तर त्याला परत पाठवू नका. अशा कामासाठी शेजाऱ्याचा उंबरा चढायला फार बळ लागते. तो आला नाही, तर एकदा तुम्हीच जा. कदाचित लाजेने त्याचे पाय अडले असतील.

वेदीशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). प्रभूने ‘मोठे काही’ असे म्हटलेले नाही, नुसते ‘काही’ म्हटले आहे. आज मिस्सात ख्रिस्तप्रसादापूर्वी आपण एकमेकांना शांतीचे अभिवादन करू. त्या वेळी एखाद्या शेजाऱ्याकडे मान वळवणे जड जात असेल, किंवा जो शेजारी चर्चमध्ये नसतो त्याचे घर डोळ्यांपुढे येत असेल, तर मिस्सा संपल्यावर घरी जाण्याआधी त्या घराकडे वळावे.